वर्षभराचे जबडे

वर्षाच्या शेवटच्या शनिवारी लॅबमध्ये नवीन काम घेत नसत. त्या दिवशी फळ्या रिकाम्या करायच्या असत. वर्षभरात ज्यांच्या ज्यांच्या कवळ्या झाल्या, त्या सगळ्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे भिंतीवर ओळीने मांडलेले असत. कवळी सैल झाली, तुटली, परत आली, तर साचा हाताशी असावा म्हणून. वर्ष सरलं की ते फोडायचे आणि पोत्यात भरून खाली न्यायचे, असा मास्तरांचा नियम होता. "माणसाचा जबडा वर्षात बदलतो," ते म्हणायचे. "जुन्या साच्यावर नवी कवळी करणं म्हणजे लग्नातला शर्ट साठीत घालायला काढणं."

दरवर्षी हे काम दोन तासांत उरकायचं. यंदा ते वहिनीकडे होतं, आणि दुपार झाली तरी पहिलीच फळी संपली नव्हती.

वहिनी म्हणजे लॅबमधली सगळ्यात जुनी कामगार. वय त्रेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं याच खोलीत गेलेली. तिथे तिचा दीर वगैरे कोणी नव्हता, पण पहिल्या आठवड्यात कोणीतरी वहिनी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. सत्तरीला टेकलेले मास्तरसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

"फोडताय की गप्पा मारताय त्यांच्याशी?" मास्तरांनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"दोन्ही," वहिनी म्हणाली.

तिच्या हातात अकरा नंबरचा साचा होता. खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा पुसट झाला होता, पण तो वाचायची तिला गरज नव्हती. तिचं वर्ष खरं सुरू झालं ते या अकरा नंबरपासून.

लॅब होती फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, एकच मोठी खिडकी, खिडकीखाली मास्तरांचं टेबल. बाकी सगळीकडे प्लास्टर. खुर्च्यांवर, कॅलेंडरवर, चहाच्या कपांच्या कानांवर. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाची मापं यायची, त्यात प्लास्टर ओतून जबडे करायचे, त्यावर मेण, मेणात दात, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक. वहिनीचं काम पहिलं आणि शेवटचं, म्हणजे प्लास्टर ओतायचं आणि तयार कवळी घासून चकचकीत करायची. संध्याकाळी ती घरी जायची तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. नवरा दार उघडून विचारायचा, "आज किती वर्षांची झालीस?"

मधलं काम मात्र मास्तरांचं. मेणात एकेक दात बसवायचा, वर चौदा, खाली चौदा. याला ते 'लावणं' म्हणत आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. चाळीस वर्षं त्यांनी एकट्याने दात लावले होते.

जानेवारीतल्या एका सकाळी मास्तरांच्या चिमट्यातून पुढचा एक दात टेबलावर पडला. त्यांनी उचलला, परत पडला. वहिनी घासायच्या मशिनपाशी उभी होती, तिने न बघितल्यासारखं केलं. पाचव्यांदा दात पडला आणि घरंगळत तिच्या पायाशी आला, तेव्हा मात्र न बघून भागेना. तिने तो उचलून टेबलावर ठेवला.

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं बारीक थरथरत होती.

"तीन महिने झाले," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही. जीवाचं कोण विचारतंय." मग म्हणाले, "हा हात आता दात लावत नाही वहिनी, दात वाजवतो. उद्यापासून लावणं तुमच्याकडे."

"मला नाही जमायचं."

"एकोणीस वर्षं माझ्या मागे उभ्या राहून बघताय. मला काय डोळे नाहीत पाठीला?"

त्या दिवशी त्यांनी आपली खिडकीखालची खुर्ची स्वतः उचलली आणि वहिनीची स्टुलासारखी खुर्ची तिथे आणून ठेवली. वहिनीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडू येत होतं. ते लपवायला तिने खिडकी पुसून काढली, आतून आणि हात पोहोचेल तितकी बाहेरून.

मास्तर प्लास्टरच्या टेबलावर गेले. प्लास्टर ओतताना आत बुडबुडे राहतात, ते काढायला साचा सतत हलवत राहावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नुकताच सुकलेला एक जबडा उजेडात धरला. एक भोक नाही, एक टिकली नाही, अगदी संगमरवर. "बघा," ते लॅबभर ऐकू जाईल असं म्हणाले, "इतकी वर्षं हात चुकीच्या टेबलावर होता!"

वहिनीच्या पहिल्या दहा कवळ्या बिनतक्रार गेल्या. अकरावी परत आली. डब्यात, माप पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती, "पेशंट समाधानी नाही. दात पुन्हा लावावेत." वहिनीने पुन्हा लावले. पुस्तकातल्या चित्रासारखी कमान, एकही दात रेषेबाहेर नाही. पुन्हा डबा परत आला. चिठ्ठीवर एकच शब्द होता, "तेच."

"तेच म्हणजे काय?" वहिनीने मास्तरांना विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी पेशंट बघितलाय? आपल्याकडे जबडा येतो, माणूस येत नाही."

"मग मी जाऊन बघू?"

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चंद्रावर जाऊ का विचारतेय. मग म्हणाले, "जा. तुम्हाला तोंडात हात घालता येणार नाही, त्याला सर्टिफिकेट लागतं. पण बघायला कोण अडवणार?"

दवाखान्यात खुर्चीवर एक उंच, ताठ बाई बसल्या होत्या. बसस्थानकावर तीस वर्षं घोषणा करून त्या निवृत्त झाल्या होत्या. कवळी रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. वहिनीने काय होतंय ते विचारलं, तर त्यांनी शांतपणे कवळी तोंडात बसवली, मान वर केली, आणि स्थानकावरच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "सात नंबरची बस सहा वाजून सतरा मिनिटांनी सुटेल."

प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली. बारीक, लांब आणि अगदी सुरात.

"घरी मी 'साखर' म्हटलं की कुत्रा धावत येतो," बाई म्हणाल्या. "मला सांगा, हसू की रडू?"

वहिनी हसली नाही. म्हणजे, तिने ओठ आतून चावून धरले. मग बाईंनी पर्स उघडून एक जुना फोटो काढला. काचेच्या खोलीत, मायक्रोफोनसमोर, तिशीतली एक हसणारी बाई. वरचा डावीकडचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. "ही मी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दिलेले दात घालून आरशात बघितलं, तर समोर दुसरीच कोणीतरी. छान आहे हो दिसायला. पण आमची ओळख नाही."

वहिनीने तो फोटो एका दिवसासाठी मागून घेतला. परतीच्या वाटेवर ती लोकांची तोंडं बघत चालली होती. फुलं विकणाऱ्या माणसाचा सुळा बाहेर होता, फोनवर ओरडणाऱ्या एका मुलीच्या पुढच्या दोन दातांत फट होती, रस्ता झाडणाऱ्या आजोबांचा एकच दात उरला होता आणि तो ते अभिमानाने दाखवत होते. सरळ रेषेतले दात तिला सबंध रस्त्यात दोघांचेच दिसले, आणि त्यातला एक जण जाहिरातीच्या फलकावर होता.

दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या दातांमागचं टाळूचं प्लास्टिक कागदाइतकं पातळ केलं, कारण तिथेच जिभेला वळायला जागा नव्हती आणि शिट्टी तिथूनच येत होती. आणि डावीकडचा तो एक दात तिने मुद्दाम, श्वास रोखून, शेजारच्यावर किंचित चढवला. एकोणीस वर्षं तिने लोकांचे दात सरळ होताना बघितले होते. वाकडा दात लावणं सरळ दातापेक्षा कितीतरी कठीण निघालं.

मास्तरांनी कवळी उलटीपालटी करून पाहिली. "मी हे कधी केलं नसतं," ते म्हणाले. ते कौतुक होतं की तक्रार, हे वहिनीला दोन दिवस कळलं नाही. दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. पलीकडून तो भरदार आवाज म्हणाला, "सात नंबरची बस सुखरूप सुटली आहे." एकही शिट्टी नाही.

त्यानंतर डॉक्टरीणबाईच मागे लागल्या. "कवळी बसवायची परीक्षा द्या. सर्टिफिकेट असलं तर पेशंटला समोर बसवून काम करता येईल तुम्हाला."

"या वयात?"

"तुमच्या वयाचं काय? तुम्हाला अजून सगळे दात आहेत."

घरात लेकीचं टेबल रिकामंच होतं. नर्सिंग शिकायला ती नुकतीच दुसऱ्या शहरात गेली होती. भिंतीवर तिचं वेळापत्रक तसंच चिकटवलेलं होतं. सहा वाजता उठणे, मोबाईल बंद, पाणी पिणे. वहिनीने तेच वापरायला घेतलं. रोज पहाटे ती तिथे बसून हाडांची, स्नायूंची, मेणांच्या प्रकारांची नावं पाठ करायची. त्या वर्षी नवरा भात करायला शिकला. पहिल्या दिवशीचा भात मापात ओतला असता तर उत्तम जबडा निघाला असता, पण ती काही बोलली नाही, दोनदा मागून घेतला.

जूनमध्ये लेखी परीक्षा झाली. शेजारच्या बाकावरची मुलगी तिला 'मॅडम' म्हणाली, पेपर वाटायला आलेली बाई समजून. जुलैत निकाल लागला. वहिनी चार मार्कांनी नापास झाली.

तिने कोणालाच सांगितलं नाही. घरी आली, हातपाय धुतले, कामाला लागली. नवऱ्याने निकालाचं विचारलं तेव्हा "अजून नाही लागला" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या करत असताना सासूबाई येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या.

या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. वय शहात्तर. शाळेत शिपाई म्हणून बत्तीस वर्षं घंटा वाजवलेली आणि हजारभर पोरांना रांगेत उभं केलेलं. तो आवाज आणि ती नजर त्या घरी घेऊन आल्या होत्या. तोंडात मात्र सहा वर्षांपासून एकही दात नव्हता. सून कवळ्या करणारी आणि सासूचं बोळकं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं सगळी बिल्डिंग म्हणायची. वहिनीने सुरुवातीला चारदा विचारलं होतं. एकदा सासूबाई म्हणाल्या, "आता किती दिवस राहिलेत." एकदा म्हणाल्या, "दुसऱ्याचे दात मला नकोत." दात कोणाच्या तोंडातले नसतात, कारखान्यात तयार होतात, हे सांगूनही उपयोग झाला नाही. मग वहिनीने नाद सोडला. बोलायला त्यांना तसे दात लागतच नसत.

"नापास झालीस ना?" सासूबाईंनी विचारलं. स आणि द त्यांच्या तोंडात राहत नसत, ओठांवरून निसटून जात, पण 'नापास'चा अर्थ पोहोचला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दोन दिवस झाले, तू मला उलट बोलली नाहीस. कितीने?"

"चार मार्कांनी."

"बत्तीस वर्षं बघितलीत मी नापास झालेली पोरं. चाळीसने नापास होतं ते पोर हसत घरी जातं. चारने होतं ते जिन्यात बसून रडतं." मग हात पुढे करून म्हणाल्या, "आण ते पुस्तक. मी विचारते, तू उत्तरं दे."

अशी ती शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी, जेवणाआधी. सासूबाई चष्मा लावून प्रश्न वाचायच्या, आणि बोळक्या तोंडातून निघालेला प्रश्न ओळखणं हीच अर्धी परीक्षा असायची. 'जबड्याच्या सांध्याची रचना' हे 'जबव्याच्या फांव्याची रफना' असं यायचं. उत्तर चुकलं की सासूबाई टेबलावर बोटाने टकटक करायच्या, शाळेतल्या घंटेच्या तालात. एकदा लेकीने फोनवर हे ऐकलं आणि ती इतकी हसली की तिच्या होस्टेलची बाई दार वाजवून आत आली.

ऑक्टोबरमध्ये वहिनी लेखी परीक्षा पास झाली. गेल्या वेळेपेक्षा बत्तीस मार्क जास्त मिळवून. "एवढे कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "चार लागत होते."

आता राहिलं प्रात्यक्षिक. त्याला अट होती. तोंडात एकही दात नसलेला आणि पूर्वी कधी कवळी न घातलेला माणूस उमेदवाराने स्वतः आणायचा, त्याच्यासाठी पूर्ण कवळी करायची, आणि शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर ती बसवून दाखवायची. वहिनीने ओळखीपाळखीत विचारलं. ज्यांना दात नव्हते त्यांच्याकडे कवळ्या होत्या, उरलेल्यांना दात होते. मास्तर हळहळले, "माझा एकसुद्धा पडलेला नाही हो. चाळीस वर्षं जपल्याची ही शिक्षा."

घरी जेवताना वहिनी नवऱ्याला हेच सांगत होती. सासूबाई दुधात बुडवलेला पाव खात होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मी काय मेले का?"

दोघांनी वर पाहिलं.

"आई, पण तुम्हाला तर कवळी—"

"मला तर काय? मला दात नाहीत एवढं दिसत नाही तुला? एवढी शिकलीस ती कशाला?" मग अटी आल्या. "फार पांढरे नकोत. मला बावीस वर्षांची दिसायचं नाहीये. आणि माझा साचा तुमच्या त्या फळीवर चार लोकांत मांडून ठेवायचा नाही. काम झालं की फोडून टाकायचा."

माप डॉक्टरीणबाईंनी घ्यायचं होतं, पण त्याआधी परीक्षेच्या नियमाप्रमाणे, त्यांच्या देखरेखीखाली, वहिनीने तोंड तपासून नोंद करायची होती. दवाखान्याच्या खुर्चीत सासूबाई बसल्या, दिवा लागला, वहिनीने हातमोजे घातले, छोटा आरसा हातात घेतला. आणि जे तोंड इतक्या वर्षांत सहसा मिटलं नव्हतं, ते घट्ट मिटलं.

"आई, आ करा."

सासूबाईंनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

"काय झालं? भीती वाटते?"

"भीती कसली." सासूबाई छताकडे बघत होत्या. "तुझ्यासमोर तोंड उघडलं ते तुला बोलायला. असं नुसतं उघडून बसायचं, चिमणीच्या पिल्लासारखं... म्हणून सहा वर्षं नको म्हणत होते. दुसऱ्या कोणाकडे केली असती. पण मग तुझं नाक कापलं गेलं असतं."

सहा वर्षं पातळ वरण आणि मऊ पदार्थ करताना वहिनीने मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं तिला एकदम आठवलं आणि लाज वाटली. पण आत्ता तसं काही बोललं, तर सासूबाई खुर्चीतून उठून सरळ घरी गेल्या असत्या.

"मग बोला की मला," ती म्हणाली. "बोलता बोलता बघते मी."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग सुरुवात केली. ओले टॉवेल दाराच्या मागे टाकतेस. फोनवर बोलताना गॅस चालू ठेवतेस. माझ्या मुलाला भात करायला लावलास तो लावलास, निदान पाणी मोजायला तरी शिकव. लेक गेल्यापासून एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून जेवतेस, मला दिसत नाही असं वाटतं तुला? तोंडाचा पट्टा असा सुरू झाला की वहिनीला वरची हिरडी, खालची हिरडी, टाळू, जिभेची जागा, सगळं नीट दिसलं. मध्येच एकदा ती म्हणाली, "जरा डावीकडचं मोठ्याने बोला," आणि सासूबाईंनी तेही केलं.

पुढचे दहा दिवस वहिनीने त्या कवळीवर जितका जीव लावला, तितका कशावरच लावला नव्हता. दात किंचित पिवळसर निवडले, कडा जराशा झिजवल्या. जुन्या फोटोत सासूबाई कुठेच दात दाखवून हसलेल्या नव्हत्या. शेवटी नवऱ्याला समोर बसवून हसायला लावलं. दात आईवर गेलेत असं सगळे म्हणायचे, म्हणून त्याचेच बघून लावले.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या खोलीत नऊ उमेदवार आणि नऊ बोळकी रांगेत बसली होती. परीक्षक एकेकाला विचारत येत होते. कपाळावर चष्मा सरकवलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते ते. "कशी वाटते कवळी?" "छान." पुढचा. "कशी वाटते?" "एकदम छान." आजोबा, आत्या, शेजारचे काका, सगळ्यांनी आपापल्या उमेदवाराची लाज राखली. परीक्षक सासूबाईंपाशी आले.

"कशी वाटते कवळी?"

"टोचते," सासूबाई म्हणाल्या. स्पष्ट, खणखणीत, सहा वर्षांत पहिल्यांदा एकही अक्षर न सांडता.

शेजारच्या मुलीने, जूनमध्ये 'मॅडम' म्हणाली होती तिनेच, हळूच वहिनीचा हात धरला.

"कुठे?" परीक्षकांनी विचारलं.

"खाली, डाव्या बाजूला, मागे. पण तुम्ही नका बघू. हिला दाखवते. हिला कळतं."

वहिनी पुढे झाली. हात आपोआप चालायला लागले. कवळी काढली, हिरडीवरचा बारीकसा लाल ठिपका पाहिला, त्यावर रंगाची पेन्सिल टेकवली, कवळी परत बसवली आणि काढली. कवळीच्या आतल्या बाजूला रंग उठला होता, बरोबर कडेला. लहान मशिनने तिथे दोनदा स्पर्श केला, घासून गुळगुळीत केलं, धुतलं, बसवलं. तीन मिनिटंही लागली नाहीत.

"आता?" तिने विचारलं.

सासूबाईंनी जबडा उजवीकडे हलवला, डावीकडे हलवला. "आता गप्प बसलेत दात."

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदाच लांब वाक्य बोलले. "पहिल्या दिवशी न टोचणारी कवळी मी तरी आजवर बघितलेली नाही. बाकीच्या आठ जणांची कुठे टोचते ते आता मलाच शोधावं लागेल." मग सासूबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही 'छान' म्हणाला असता तरी चाललं असतं. सून आहे ना तुमची?"

"दात खोटे असले म्हणून बोलणं कशाला खोटं?" सासूबाई म्हणाल्या.

त्या गटात वहिनीला सर्वांत जास्त मार्क मिळाले. ज्या दिवशी निकाल आला, त्या दिवशी सासूबाईंनी बिल्डिंगच्या जिन्यात बसून एक अख्खी काकडी खाल्ली. सावकाश, आवाज करत, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून.

हे सगळं फळीपुढे उभ्या वहिनीच्या डोळ्यांसमोरून जात होतं. तिने अकरा नंबर फोडला. मग बारा, तेरा, चौदा. आता हात भराभर चालायला लागला. अठ्ठावीस नंबरच्या आजोबांना नातीच्या लग्नात शीळ घालायची होती, त्यांच्या कवळीत तिने शीळ मुद्दाम ठेवली होती. बेचाळीस नंबरच्या बाईंना फक्त फोटोपुरते दात हवे होते आणि आता त्या झोपतानाही काढत नव्हत्या. तिने बजावून सांगूनही. दोन पोती भरली. मास्तर झाडू घेऊन मागे मागे येत होते.

शेवटी तिने टेबलाच्या खणातून कागदात गुंडाळलेला साचा काढला. तो फळीवर ठेवलेलाच नव्हता. अट होती. पण फोडायलाही तिचा हात धजावला नव्हता. तिने कागद उलगडला आणि खालच्या हिरडीवर, डाव्या बाजूला, मागे, अंगठा फिरवला.

"कोणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"सासूबाईंचा. फोडायचा हुकूम आहे."

मास्तरांनी झाडू भिंतीला टेकवला आणि तिच्या हातातली हातोडी न्याहाळली. "वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "सासूचा जबडा हातोडीने फोडायची संधी जगात किती सुनांना मिळते?"

वहिनी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मास्तरही हसत होते, त्यांचा हात थरथरत होता, प्लास्टरची धूळ उडत होती. मग डोळे पुसून ती उठली, साचा टेबलावर ठेवला, आणि एका घावात त्याचे दोन तुकडे केले. हुकूम म्हणजे हुकूम.

जिन्यातून पोती उतरवताना मास्तर म्हणाले, "सोमवारी पेंटर येतोय. खालच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव घालायचंय. अक्षर माझ्याएवढंच ठेवायला सांगितलंय. लहान केलं तर सासूबाई मला रांगेत उभं करतील."

वहिनी पायरीवरच थांबली. "मास्तर, आधी सांगायचं तरी!"

"आधी सांगितलं असतं तर 'मला नाही जमायचं' म्हणाला असता. आता पोतं धरा, माझा हात दुखतोय."

ती घरी पोहोचली तेव्हा अजून उजेड होता. नवरा दार उघडून तसाच दारात उभा राहिला. आज त्याने वय विचारलं नाही, नुसतं डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खुणावलं.

सोफ्यावर बिल्डिंगमधल्या तीन म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर बिस्किटांचा डबा होता आणि त्यात तिची जुनी, तुटकी कवळी. दुसरीने गालावर हात ठेवला होता. तिसरीने तोंडापुढे रुमाल धरला होता. समोरच्या खुर्चीत सासूबाई, पाठ ताठ, शाळेत घंटेपाशी बसायच्या तशा.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "अर्धा तास बसल्यात या. मी सांगितलंय, टोचलं तर टोचलं म्हणायचं, उगाच छान छान करायचं नाही."

"अहो आई, माप डॉक्टरीणबाई घेतात, मी घरी कसं—"

"माप कोण मागतंय? नुसतं बघ की. बघायला काय लागतं?"

वहिनीने तिघींकडे पाहिलं. भुवयांवरचं प्लास्टर मनगटाने पुसलं, पिशवी खाली ठेवली आणि लेकीच्या टेबलावरचा दिवा उचलून आणला.

"हात धुऊन येते," ती म्हणाली. "तोवर आधी कोण ते ठरवा."

तिघींनी एकदमच तोंडं उघडली.